पंपाशेजारची खोली

आमच्या सोसायटीच्या ताळेबंदात दोन पंप आहेत, गच्चीवरची टाकी आहे, गणपतीत लागणाऱ्या चाळीस प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत आणि १९९८ साली घेतलेली, आता कुणालाच न सापडणारी एक शिडीसुद्धा आहे. पंपाशेजारची दहा बाय दहाची खोली मात्र कुठल्याच वर्षीच्या हिशेबात नाही. मी बँकेतून निवृत्त झाले आणि ‘बँकेतल्या बाई आहेत, त्या बघतील’ या न्यायाने खजिनदार झाले, तेव्हा जुन्या फायली उघडल्या. आमच्या वॉचमन मामांच्या पगाराची व्हाउचरं १९९२ पासूनची सापडली. खोलीबद्दल ना ठराव, ना करार, ना साधी चिठ्ठी. एकतीस वर्षं एक कुटुंब तिथे राहत होतं आणि कागदावर ती खोली नव्हतीच.

आमची इमारत ठाण्यात, नौपाड्यात. तळमजला अधिक तीन मजले, चोवीस बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. पुनर्विकासाची चर्चा आमच्याकडे दहा-बारा वर्षं चालली होती. नौपाड्यात ती प्रत्येक इमारतीत चालते, आणि गोखले रोडवर भाजी घेताना दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ‘तुमचं कुठवर आलं?’ हाच असतो. आमचं अखेर बिल्डर नेमण्यापर्यंत आलं. त्याच्या पत्रात एक साधी ओळ होती: आवारातल्या सर्व बांधकामांचा रिकामा आणि निर्वेध ताबा सोसायटीने द्यायचा. सभासदांना पर्यायी घराचं भाडं मिळणार, सामान हलवायचे पैसे मिळणार, वर कार्पस म्हणजे एकरकमी पैसे. आवारातल्या त्या ‘बांधकामा’त माणसं राहतात, हे बिल्डरच्या दृष्टीने आमचं घरगुती प्रकरण होतं.

त्या सभेत सगळे म्हणाले, मामांना सांगायला हवं. कोणी सांगायचं, यावर चहा येईपर्यंत शांतता. मग दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी विषय मिटवला. “एकतीस वर्षं फुकट राहिले. नौपाड्यात. अजून काय करायचं आपण?” पुष्कळांनी माना हलवल्या. मला ते वाक्य हिशेबात बसेना, म्हणून मी घरी येऊन हिशेबच मांडला.

मामा संगमेश्वर तालुक्यातले. त्यांचं काम काय, हे कुठे लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे सगळंच त्यांचं काम होतं. पालिकेचं पाणी पहाटे यायचं, त्याचा दाब उन्हाळ्यात कधी मंदावेल याचा नेम नाही. तळटाकी भरतेय का बघायचं, व्हॉल्व्ह फिरवायचा, पंप लावायचा, वरची टाकी वाहायच्या आधी बंद करायचा. पाणी पुरवणाऱ्या स्टेम कंपनीचं शटडाऊन असलं की आदल्या रात्री दोन्ही टाक्या काठोकाठ. शिवाय आवार झाडणं, कचरा खाली नेणं, रात्री गेट, दुपारी कुरिअर, तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना धरून रिक्षापर्यंत नेणं. गौरी-गणपतीला वंदना स्टँडवरून एसटी धरून गावी जायचे, ती त्यांची वर्षाची सुट्टी. तेव्हाही बदली माणूस तेच शोधून द्यायचे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि इकडे आमच्या आवारातही गुडघ्याच्या वर पाणी चढलं. मामांनी पाना आणून पंपाची मोटर खोलली आणि पहिल्या मजल्याच्या जिन्यात नेऊन ठेवली. मोटर वाचली. त्यांच्या खोलीतलं धान्य, अंथरुणं, पोराची वह्या-पुस्तकं भिजली. त्या वर्षीच्या फायलीत मोटर दुरुस्तीचं व्हाउचर नाही. धान्याचं तर नाहीच.

आता आकडे. मामांचा शेवटचा पगार ९,५००. त्यांच्या जागी एजन्सीचे गार्ड घ्यायचे म्हणून दर मागवले, तेव्हा बारा-बारा तासांचे दोन गार्ड, प्रत्येकी १७,५००, म्हणजे ३५,०००, वर १८ टक्के जीएसटी धरून महिना ४१,३००. कर बाजूला ठेवला तरी फरक २५,५०० रुपयांचा. त्या खोलीला भाडं किती आलं असतं? सिमेंटचा पत्रा, संडास बाहेर, भिंतीपलीकडे पंपाची घरघर. नौपाडा असला तरी आठ हजारांच्या वर कोणी दिले नसते. ते वजा केले तर उरतात १७,५००. एका गार्डाचा अख्खा पगार आम्ही दर महिन्याला वाचवत होतो. हे आजच्या दराने, मान्य. १९९२ साली आकडे वेगळे होते. एजन्सीच्या दरात तिचं कमिशन आहे, हेही मान्य. आणि मामा रात्री झोपायचे, गार्ड जागा राहतो (असं एजन्सी म्हणते). पण मामा झोपायचे ते पंपापासून चार फुटांवर, आणि गेट वाजलं की उठायचे. खोली दिली होती ती त्यासाठीच. माणूस चोवीस तास हाकेच्या अंतरावर हवा, म्हणून त्याच्या पगाराचा एक हिस्सा छपराच्या रूपाने दिला. त्याला फुकट म्हणायचं असेल तर आमचा दुसरा गार्डही एकतीस वर्षं फुकट होता.

गंमत अशी की हेच छप्पर साहेबाला मिळालं की सरकार त्याला बरोबर पगार समजतं. कंपनीने स्वतःच्या मालकीचा फ्लॅट अधिकाऱ्याला राहायला दिला, तर त्याची किंमत काढून ती त्याच्या उत्पन्नात मिळवतात आणि त्यावर आयकर घेतात. २०२३ साली बदललेल्या नियमांत शहराच्या लोकसंख्येनुसार पगाराच्या १०, ७.५ किंवा ५ टक्के अशी ती किंमत ठरवली. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहर १८ लाखांवर होतं, म्हणजे इथे साडेसात टक्के. आमच्या सभेत ‘फुकट’ म्हणणारे गृहस्थ स्वतः वीस वर्षं कंपनीच्या फ्लॅटमध्ये राहिलेले. त्यांच्या फॉर्म १६ मध्ये दरवर्षी ती रक्कम छापून आलेली असणार. मी त्यांना हे विचारलं तेव्हा ते म्हणाले, “ते वेगळं, तो माझ्या पॅकेजचा भाग होता.” एवढंच तर मला म्हणायचं होतं.

कामगारांच्या २०२५ पर्यंत चाललेल्या कायद्यांत मात्र उलटी गणितं होती. १९३६ च्या पेमेंट ऑफ वेजेस ॲक्टमध्ये वेतनाची व्याख्या होती, तिच्यातून राहत्या जागेची किंमत वगळलेली. १९७२ च्या ग्रॅच्युइटीच्या कायद्यातही घरभाडं हिशेबात धरायचं नव्हतं. या वगळण्यामागे मालकाला जागेची किंमत दाखवून रोख पगार बुडवता येऊ नये, असाही विचार असू शकतो. पण व्हायचं ते असं होतं की जागेपायी कमी राहिलेला रोख पगार नोकरी संपताना पुन्हा एकदा कमी पडायचा. ग्रॅच्युइटी त्या कमी पगारावर निघायची, आणि जागा तर गेलेलीच असायची.

कायदा विचारायला मी आणि सेक्रेटरी कोर्ट नाक्याजवळ एका वकिलांकडे गेलो. सोसायटीतल्या मंडळींची मुख्य भीती आधार कार्डाची होती. मामांच्या, मामींच्या, मुलाच्या आधारवर, मतदार ओळखपत्रावर, रेशन कार्डावर आमच्या इमारतीचा पत्ता. उद्या हक्क सांगितला तर? वकील हसले. पत्ता म्हणजे माणूस कुठे राहतो त्याचा पुरावा, जागा कोणाची त्याचा नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ यात परवानाधारकाची (म्हणजे मालकाच्या परवानगीने जागेत राहणाऱ्याची) जी व्याख्या आहे, तिच्यातून मालकाच्या नोकरीत असलेला माणूस स्पष्ट वगळला आहे. भाडेकरूचं तर नावच नको. आणि २०१२ साली गोव्यातल्या एका घराच्या भांडणात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की वॉचमन, केअरटेकर किंवा नोकर जागेत कितीही वर्षं राहिला तरी त्याचा त्या जागेत हक्क तयार होत नाही. तो मालकाच्या वतीने जागा सांभाळतो, आणि मालकाने मागितली की त्याने द्यायची.

सेक्रेटरींचा चेहरा उजळला. “म्हणजे उद्या कुलूप लावलं तर चालेल?”

“अजिबात नाही,” वकील म्हणाले. “कायदा तुमच्या बाजूने आहे म्हणून कायदा तुमच्या हातात दिलेला नाही.” वीज तोडायची नाही, पाणी बंद करायचं नाही, सामानाला हात लावायचा नाही. माणूस ऐकत नसेल तर लेखी नोटीस, मग दिवाणी दावा. दाव्याला किती वर्षं लागतात, या प्रश्नावर त्यांनी खिडकीतून कोर्टाच्या इमारतीकडे पाहिलं. नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्सचा कागद असेल तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जायची जवळची वाट असते. आमच्याकडे कागदच नव्हता. मग फी घेताना त्यांनी एक प्रश्न विचारला, जो सोसायटीत कोणी विचारला नव्हता. “त्यांचा हिशेब पूर्ण केलाय का तुम्ही?”

हा प्रश्न मला लहानपणापासून माहीत होता. आमचे बाबा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते आणि आम्ही कंपनीच्या कॉलनीत वाढलो. त्या काळी तिकडे कॉलनी असणं साहजिक होतं. ठाण्याहून तुर्भे-वाशीला लोकल सुरू झाली ती २००४ साली. त्याआधी रात्रपाळीला जायचं तर कंपनीची बस, नाहीतर कंपनीचं घर. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६१ सालीच कामगारांच्या घरांविषयी एक शिफारस केली होती. मालकाने स्वतःच कामगारांना घरं पुरवणं सर्वसाधारणपणे इष्ट नाही, असं तिच्यात म्हटलंय. अपवाद कुठला, तर कारखाना वस्तीपासून फार लांब असेल किंवा कामाचं स्वरूपच तसं असेल तेव्हाचा. आम्ही त्या अपवादात बसत होतो. कॉलनीत पाणी चोवीस तास होतं, मैदान होतं, शाळेची बस होती. आणि रात्री दोन वाजता प्लांटमध्ये काही झालं की शिट्टी वाजायच्या आत दार वाजायचं.

आई मात्र त्या घरात राहून कधी तिथली झाली नाही. रेशन कार्ड तिने कळव्याला तिच्या भावाच्या पत्त्यावरच ठेवलं. दर महिन्याला साखर आणि रॉकेलसाठी कळव्याला खेप. आम्ही कुरकुरायचो. ती म्हणायची, क्वार्टरचा पत्ता नोकरीबरोबर जाईल, मग पोरांचे दाखले कुठून आणायचे?

बाबा निवृत्त झाले १९९१ मध्ये. ग्रॅच्युइटी आणि फंड ‘प्रोसेसमध्ये’ होते. महिनाभरात क्वार्टर खाली करण्याचं पत्र आलं, मग दुसरं, आणि तिसऱ्या पत्रात कंपनी कायद्याचं कलम ६३० लिहिलेलं. ते कलम फौजदारी. कंपनीची मालमत्ता अडवून ठेवली तर दंड, आणि कोर्टाने दिलेल्या मुदतीत परत केली नाही तर दोन वर्षांपर्यंत कैद. कलमात शब्द ‘अधिकारी किंवा कर्मचारी’ असे होते, म्हणून पुष्कळ जण युक्तिवाद करायचे की मी आता कर्मचारीच नाही, मला कलम कसलं लावता? तो रस्ता सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच बंद केला होता: माजी कर्मचारीही त्यात आला. पुढे १९९५ मध्ये मृत कर्मचाऱ्याच्या मागे घरात राहिलेली बायको-मुलंही आली.

कॉलनीत तेव्हा एक अलिखित रीत होती. निवृत्त माणूस चेक हातात पडेपर्यंत किल्ली देत नसे, आणि कंपनी किल्ली हातात पडेपर्यंत चेक काढत नसे. दोघेही एकमेकांच्या दारात बसून. कंपनीला मागे हटायची घाई नव्हती. तिच्याकडे वकील होते, आणि फंडाचे पैसे तिच्या घरी चूल पेटवायला लागत नव्हते. आमच्या बाबांना फौजदारी या शब्दाचीच धास्ती. त्यांनी किल्ली आधी दिली. आम्ही कळव्याला आईच्या भावाकडे एका खोलीत सहा माणसं राहिलो, बाबांचे पैसे यायला त्यानंतर दीड वर्ष लागलं. माझं कॉलेजचं दुसरं वर्ष त्या खोलीतच गेलं. रेशन कार्ड तेवढं बदलावं लागलं नाही.

पुढे नवा कंपनी कायदा आला, २०१३ चा. ६३० च्या जागी कलम ४५२, दंड एक लाखापासून पाच लाखांपर्यंत, कैद तीच. आणि २०२० च्या दुरुस्तीत त्यात एक परंतुक जोडलं गेलं: कंपनीने त्या माणसाचा भविष्य निर्वाह निधी, पेन्शन, ग्रॅच्युइटी किंवा कामावरच्या अपघाताची भरपाई थकवली असेल, तर राहतं घर सोडलं नाही म्हणून त्याला तुरुंगात पाठवता येणार नाही. मी ते वाचलं तेव्हा बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. दंड तरीही आहे, घर तरीही सोडायचंच आहे. पण किल्ली आणि चेक या दोन गोष्टी एका वाक्यात लिहायला कायद्याला बाबांच्या तिसऱ्या पत्रानंतर जवळजवळ तीस वर्षं लागली.

मामांकडे मी आणि सेक्रेटरी गेलो एका रविवारी संध्याकाळी. त्यांना सगळं ठाऊक होतं. माती तपासायला मशीन आलं, तेव्हा त्या माणसांना पाणी त्यांनीच नेऊन दिलं होतं. “वहिनी, ते बोअर मारायला आले तेव्हाच मी हिला सांगितलं, आता आपला नंबर,” असं ते अगदी सहज म्हणाले. पण मुलगा सहज घेणाऱ्यातला नव्हता. तो रिक्षा चालवतो, स्टँडवर चार जणांशी बोलतो, आणि कोणीतरी त्याला सांगितलं होतं की तीस वर्षांच्या वर राहिलं की जागा आपली होते. त्याने दहा लाख मागितले, नाहीतर नव्या टॉवरमध्ये एक खोली.

सेक्रेटरी भडकले. मी त्याला वकिलांनी सांगितलेलं सगळं सांगितलं, २०१२ च्या निकालासकट. ते त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, “काकू, हक्क नसेल आमचा. पण तुम्हाला प्रत्येकाला नवा फ्लॅट मिळणार, भाडं मिळणार, कार्पस मिळणार. बिल्डिंग उभी राहिली त्यात आमच्या बापाचं काहीच नाही?” याला कायद्यात उत्तर आहे आणि ते ‘नाही’ असं आहे. सभासद नाही, भागधारक नाही, म्हणून नाही. ते मी त्याला सांगितलं. सांगून समाधान झालं, असं म्हणवत नाही.

खरी बोलणी मामींनी केली. त्या आमच्या इमारतीत चार घरी धुणीभांडी करतात. त्यांनी दहा लाख काढलेच नाहीत. त्यांनी विचारलं ते असं: इमारत खाली झाली की चारही घरं तीन वर्षांसाठी पांगणार, म्हणजे माझी कामं गेली, यांचा पगार गेला, खोली गेली, मग पहिला महिना कशावर काढायचा? मामांची नोकरी त्या खोलीला बांधलेली, हे सगळ्यांना दिसत होतं. मामींची चार कामंही तिलाच बांधलेली होती आणि सुनेचं बाळ ज्या अंगणवाडीत जात होतं तीही, हे सभेतल्या कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मी सर्वसाधारण सभेपुढे ठेवलेला कागद एका पानाचा होता. ग्रॅच्युइटीचा कायदा आम्हाला लागू नव्हता, कारण त्याला दहा कामगार लागतात आणि आमच्याकडे एकच. तरी सूत्र तेच घेतलं: शेवटचा पगार, त्याचे सव्वीस भाग, त्यातले पंधरा, गुणिले नोकरीची वर्षं. ९,५०० आणि ३१ वर्षं धरून ते १ लाख ७० हजारांच्या जवळ येतं. ठाण्याच्या पुढे दिवा इथे एक खोली मामांच्या मुलाने बघून ठेवली होती, तिचं डिपॉझिट ५० हजार. अकरा महिन्यांचं भाडं, सहा हजारांप्रमाणे, ६६ हजार. टेम्पो वगैरे धरून आकडा तीन लाखांवर आणला. चोवीस घरांना वाटला तर प्रत्येकी साडेबारा हजार. आमच्या सभासदांना बिल्डरकडून महिन्याला मिळणार होतं त्या भाड्याच्या निम्म्याहून हे कमी होतं.

विरोध झाला. तो सगळाच दुष्टपणाचा नव्हता. एका बाईंचा मुद्दा असा की त्यांच्या स्वतःच्या घरी पेन्शनशिवाय काही येत नाही, आणि त्यांना कोणी सूत्र लावून काही दिलं नाही. दुसऱ्याने विचारलं, ऑडिटर कुठल्या खात्यात टाकायला सांगेल? तिसऱ्याचं म्हणणं, उद्या प्रत्येक कामवाल्या बाईला असंच द्याल का? मी म्हटलं, जिला आपण राहायला ठेवून पगार कमी देऊ, तिला द्यावं लागेल. ‘फुकट’वाल्या गृहस्थांनी विरोधात मत दिलं, पण सभा संपल्यावर जिन्यात मला गाठून विचारलं की बिल्डरशी बोलून रक्कम त्याच्याकडूनच काढता येईल का. बिल्डरने टेम्पोचे पैसे दिले. बाकी ठराव बहुमताने झाला.

एका गोष्टीवर मात्र अध्यक्ष आणि माझी जुंपली. त्यांना एका हाताने चेक आणि दुसऱ्या हाताने किल्ली हवी होती. वकिलांचंही मत तेच. नोटरीकडे करारनामा, त्याच टेबलावर ताबा पावती. मी म्हटलं, चेक आधी वटेल. पैसे मामांच्या खात्यात दिसतील, ते दिव्याचं डिपॉझिट भरतील, मग सामान हलेल. डिपॉझिट भरल्याशिवाय तिथली खोली मिळत नाही आणि इथली खोली सोडल्याशिवाय डिपॉझिटचे पैसे मिळत नाहीत, हा फास आम्ही कळव्याला भोगलाय. अध्यक्ष म्हणाले, पैसे घेऊन बसले तर? मी म्हटलं, तर दावा लावू, कायदा आपल्याच बाजूने आहे ना? चेक आधी गेला. वीस दिवसांत खोली रिकामी झाली. मुलाने ताबा पावतीवर साक्षीदार म्हणून सही केली, पण माझ्याशी एक शब्द बोलला नाही, आणि अजूनही स्टँडवर मी दिसले की दुसरीकडे बघतो. त्याला तीन लाख कमीच वाटतात. दुसऱ्या गार्डाचा हिशेब त्याला कोणी दाखवला, तर आणखी कमी वाटतील.

इमारत मात्र अजून तिथेच आहे. परवानग्या अडकल्यात, त्यामुळे मामांना जी तारीख गळ्यात पडली ती आमच्या गळ्यात पडलेलीच नाही. मामी दिव्याहून लोकलने येतात. नऊच्या आधी पोचत नाहीत म्हणून एका घराने त्यांचं काम काढून घेतलं, तीन घरं उरलीत. मामा गावी असतात, महिन्यातून एकदा येतात. नव्या इमारतीच्या नकाशात वॉचमनसाठी केबिन आहे. तिच्यात एक माणूस खुर्ची टाकून बसू शकतो, आडवा होऊ शकत नाही. आर्किटेक्टना विचारलं तर म्हणाले, मुद्दामच तशी ठेवतात, कोणी मुक्काम करायला नको.

सध्या एजन्सीचे दोन गार्ड आहेत. पोरं बिहारकडची, विशी-बाविशीची. रात्रीचा जो आहे त्याला एकदा विचारलं, कुठे राहतोस? किसननगरला एजन्सीने एक खोली घेतली आहे, सहा जण राहतात, प्रत्येकाच्या पगारातून दीड हजार कापतात. आम्ही देतो १७,५००. त्याच्या हातात किती पडतात ते त्याने सांगायचं टाळलं. सुपरवायझर बिल घेऊन आला तेव्हा मी विचारलं, याचं काम सुटलं तर खोली कधी सोडायची? “त्याच दिवशी, मॅडम. दुसरा पोरगा येणार ना त्या जागेवर.”

एजन्सीच्या कराराचं नूतनीकरण या महिन्यात आहे. मी दोन कलमं घालायला सांगितली आहेत: खोलीपोटी किती कापलं ते प्रत्येकाच्या पगारपत्रकावर दाखवायचं आणि त्याची प्रत आम्हाला द्यायची, आणि आमच्या इमारतीवरून काढलेल्या माणसाला, त्याचा शेवटचा पगार खात्यात जमा झाल्यानंतर, तीस दिवस खोली ठेवायची. सेक्रेटरी म्हणतात, एजन्सीच्या घरात आपण कशाला शिरायचं? पहिलं कलम एजन्सीने मान्य केलंय. दुसऱ्यावर सात दिवस देऊ म्हणतात. मी अजून सही केलेली नाही.